हाय, बाय

फोनवर घरतांचं नाव दिसलं आणि मी सवयीने विचारलं, "हाय का?"

आमच्या ऑफिसात या प्रश्नाचा अर्थ एकच. बिल्ड तयार झाला का? आम्ही मोबाईलवरचे गेम बनवतो. सगळ्यांनी आपापल्या जागी केलेलं काम एकत्र बांधून फोनवर टाकून खेळता येईल असा गेम तयार होतो, त्याला बिल्ड म्हणतात. त्या दिवशी तो दुपारपर्यंत परदेशी पाठवायचा होता. मी सानपाड्याच्या घरून नुकतीच निघाले होते, रिक्षा सिग्नलला थांबली होती. पलीकडून आवाज आला तो घरतांचा नव्हता, त्यांच्या बायकोचा होता. सुगंधाताई म्हणाल्या, "नाय, बाय... ते नाय रायले."

सकाळी चहा घेऊन घरासमोरच्या ओट्यावर बसले होते, तिथेच गेले. मी आधी ऑफिसला कळवलं, बिल्डचं काम तिथल्या सायलीकडे सोपवलं, परदेशातल्या गिऱ्हाइकांना दोन ओळींचा निरोप टाकला आणि मग उरणच्या रस्त्याला लागले. हा क्रम लिहिताना बरा वाटत नाही, पण तसाच होता. घरतांनीही मला आधी बिल्डचंच विचारलं असतं.

हरिश्चंद्र घरत उरणचे, मोरा बंदराच्या अलीकडच्या एका गावचे. वडील मिठागरात कामाला होते. थोडी शेती होती ती प्रकल्पात गेली आणि तिच्या पैशातून पोरगा इंजिनिअर झाला. गावातल्या बरोबरीच्यांनी तशाच पैशातून चाळी बांधल्या, डंपर घेतले. यांनी एक कॉम्प्युटर घेतला. "गावात पहिला. बगाया लोकं येत, नि इचारत, टीवी लागत नाय काय याच्यात?" असं ते सांगत. बुटके, पोट सुटलेले, शर्टाच्या खिशात कायम चष्म्याचं घर आणि ऊन असो की पाऊस, मोटारसायकल. ऑफिसातली मुलं त्यांना दादा म्हणत. मी घरत म्हणायचे.

माझं आणि गेमचं तसं काही नातं नाही. तळोज्याच्या रंगाच्या कारखान्यात मी बरीच वर्षं उत्पादनाचं नियोजन केलं. कुठला माल कधी, कुणाकडून, किती वेळात, हे बघायचं. आमच्या स्टुडिओचे मालक सुनीलसर यांना कुणीतरी सांगितलं की तुमच्याकडे हुशार माणसं आहेत, पण वेळेत काही होत नाही, म्हणून कारखान्यातून नियोजनवाली बाई आणा. तशी मी आले. पहिल्या आठवड्यात सगळे एकमेकांना 'हाय' आणि 'बाय' करत होते, आम्हा तळोजावाल्यांना ते जरा जडच. त्यात मी कोपऱ्यातल्या या गृहस्थांकडे गेले आणि विचारलं, "बिल्ड तयार आहे का?" मान वर न करता ते म्हणाले, "हाय, बाय." मी तिथेच उभी राहिले. मला वाटलं, नमस्कार आणि निरोप एकाच श्वासात देऊन माणसाने मला वाटेला लावलं. मी म्हटलं, "मी काही गप्पा मारायला आलेले नाही. प्रश्नाचं उत्तर द्या." तेव्हा त्यांनी वर बघितलं. "दिला ना. हाय." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ते पोट धरून हसायला लागले. आगरी बोलीत हाय म्हणजे आहे, आणि बाय म्हणजे बाई, बहीण, घरातली थोरली कुणीही. "मॅडम बोलू काय मग?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काहीही बोला, पण बिल्ड द्या. त्यांनी बाय कायम ठेवलं.

आता इंजिनाबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय या माणसाबद्दल काही सांगता येणार नाही. गेममध्ये होडी हलते, तिच्यावर ऊन पडतं, ती धक्क्याला आपटली की आवाज होतो. हे सगळं ज्या यंत्रणेमुळे घडतं तिला इंजिन म्हणतात. ते बाजारात तयार मिळतं, किंवा स्वतः लिहिता येतं. मी सुरुवातीला विचारलं होतं की तयार मिळतं तर आपण स्वतःचं कशाला सांभाळतो? कारखान्यात आम्ही बॉयलर विकत घेत होतो, घरी बनवत नव्हतो. घरत म्हणाले, "बाय, लग्नाला भांडी भाड्याने आनतो ना आपन? सगल्यांकडं तीच भांडी. चालतं. पन तुला मोठा जिताडा अख्खा शिजवायचा हाय, नि त्यांचं पातेलंच लहान, तर काय करशील? कापशील नं मासा? मोठे स्टुडिओ म्हणूनच आपलं पातेलं ठेवतात. नाय तर मालक उद्या बोलेल, पातेल्याचं भाडं वाढवलं." मी शाकाहारी आहे, पण मुद्दा समजला. तयार इंजिन दुसऱ्याचं असतं. त्यात बिघाड झाला तर त्याच्या सवडीने दुरुस्त होतो, आणि अटी त्याच्या. शिवाय ते सगळ्यांसाठी बनवलेलं असल्यामुळे तुमच्या नेमक्या गरजेला ते कुठेतरी तोकडं पडतं आणि कुठेतरी उगाच जड होतं.

आमच्या स्टुडिओची नेमकी गरज होती पाणी. पहिला चाललेला गेम होड्यांचा होता आणि तो स्वस्तातल्या फोनवर चालायला हवा होता. त्या वेळच्या तयार इंजिनांचं पाणी तसल्या फोनवर अडखळायचं, म्हणून घरतांनी स्वतःचं इंजिन लिहिलं आणि त्याला नाव दिलं 'उघाडी'. त्यातलं पाणी मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते घाण वाटलं. मातकट, हिरवट, काठाला फेस. मी म्हटलं, "जरा निळं करा की." घरतांना राग आला. मला ठाऊक असलेल्या त्यांच्या दोन रागांपैकी हा एक. "कुठल्या खाडीचं पानी निळं असतं? वाशीच्या पुलावरून कवा खाली बघितलंस काय?" त्या पाण्याला भरती होती, ओहोटी होती. ओहोटीला होडी चिखलात रुतायची आणि खेळणाऱ्याला भरतीची वाट बघावी लागायची. आम्हाला वाटलं लोक वैतागतील. लोकांना नेमकं तेच आवडलं.

दुसरा राग सायलीवर आला होता. सायली नागपूरची. कॉलेजातून थेट आमच्याकडे आली, हुशार आणि टापटिपीची भयंकर हौस. 'उघाडी'चं कामकाज असं होतं की इंजिन सतत एकेका वस्तूला विचारायचं, तू आहेस का? होडी, धक्का, खांब, माणूस, प्रत्येकाने उत्तर द्यायचं. घरतांनी उत्तरं ठेवली होती आपल्या बोलीत, इंग्रजी अक्षरांत लिहून. हाय किंवा नाय. सायलीने आत बघितलं तर सगळीकडे नुसतं हाय, हाय, हाय. तिला वाटलं, कुणीतरी कधीकाळी गंमत म्हणून नमस्कार टाकून ठेवलेत आणि ते काढायचे राहिले आहेत. तिने साफसफाई केली. संध्याकाळी मी फोन हातात घेतला तर होडी नाही, धक्का नाही, माणूस नाही. स्क्रीनभर फक्त ते मातकट पाणी, संथ वरखाली होणारं.

घरत आधी ओरडले. "घरातल्या सगल्यांना बोलतं केलं, नि तू सगल्यांची तोंडं बंद केलीस!" सायली रडवेली झाली, पण गप्प बसणाऱ्यातली नाही. म्हणाली, "दादा, मला काय स्वप्न पडणार होतं का? तुम्ही कुठं लिहून ठेवलंय, हाय म्हणजे आहे म्हणून? आमच्याकडं हाय म्हणजे हाय नाहीतर हाय रे देवा." सगळे हसले. घरतसुद्धा हसले, पण मध्येच थांबले. मला म्हणाले, "पोरगी बरोबर बोलतंय. माज्याशिवाय हे कोनाला वाचताच येत नाय."

त्यानंतर काही महिन्यांनी युरोपातल्या एका मोठ्या स्टुडिओची विचारणा आली. त्यांना आमचं पाणी आवडलं होतं. काही वर्षं पुरेल एवढं काम होतं आणि आम्हाला त्याची निकड होती. आमचा पुढचा गेम पडला होता, हे काम मिळालं नसतं तर निम्म्या माणसांना घरी पाठवावं लागलं असतं. ती यादी करायचं काम माझ्याकडेच आलं असतं, त्यामुळे मला झोप नव्हती. त्यांची अट एकच होती. 'उघाडी' सोडा, आम्ही वापरतो त्या तयार इंजिनावर या. त्यांचे तांत्रिक प्रमुख स्वतः आले, उंच, मृदू बोलणारे, चहाला नाही न म्हणणारे. त्यांनी कारणं मोकळेपणाने सांगितली. तयार इंजिन जाणणारी माणसं जगात कुठेही मिळतात, नवीन माणूस आठवड्याभरात कामाला लागतो. नवा फोन बाजारात आला की त्याच्याशी जुळवून घेण्याची डोकेदुखी इंजिनवाल्याची. ते म्हणाले, "मोठ्या स्टुडिओंना सगळ्यात चांगलं इंजिन हवं असतं असं नाही. उद्या सकाळी माणूस मिळेल असं इंजिन हवं असतं." मग त्यांनी घरतांना विचारलं की उद्या तुम्हाला बसने उडवलं तर हे कोण चालवणार? त्यांच्या धंद्यात हा प्रश्न असाच विचारायची पद्धत आहे. घरत शांतपणे म्हणाले, "सर, आमच्या उरन रोडला बस नाय उडवत. कंटेनर उडवतो." भाषांतर होईपर्यंत आमच्या बाजूचे हसून मोकळे झाले होते.

पाहुणे जेवायला गेले तेव्हा सुनीलसर म्हणाले, "घरत, तुम्ही नाही म्हणालात तर मी त्यांना नाही सांगेन. इंजिन तुमचं आहे." मी त्यांच्याकडे बघितलं नाही, कारण माझ्या डोळ्यांत ती यादी दिसली असती. घरतांनी चष्मा काढला, त्याच्या घरात ठेवला, परत काढला. मग त्यांनी उघाडी या नावाची गोष्ट सांगितली, ती तोवर कुणी विचारलीच नव्हती. त्यांच्या गावाला खारजमीन होती, समुद्राच्या पातळीहून खाली. भरतीचं पाणी अडवायला मातीचा बांध आणि बांधात लाकडी झडप, तिला उघाडी म्हणतात. ओहोटीला ती उघडते आणि शेतातलं पाणी बाहेर सोडते, भरतीचा दाब आला की आपोआप मिटते. "आमची उघारी कोनी तोडली नाय," घरत म्हणाले. ड चा र झाला की समजायचं, माणूस मनातलं बोलतोय. "ती बसवायचं माज्या काकाला जमायचं. काका गेला. आमी सगले नोकरीला. एक फली कुजली, कोनाला कळलाच नाय. खारं पानी आत आलं. आता तिकरं तिवरं हायत, मानूस उभा केला तं दिसत नाय." मग म्हणाले, "या इंजिनाचा काका मीच हाय, सर. तुमी हो बोला त्यांना."

मी म्हटलं, "मग वेळापत्रक करते." दुसरं काय करणार होते? घरतांनी मान हलवली. "कर, बाय. पन पानी मी नेनार. पानी त्यांचं नाय घेनार."

ते पाणी तयार इंजिनात न्यायला माझ्या वेळापत्रकाहून बराच जास्त वेळ लागला. त्या इंजिनाला समुद्र माहीत होता, खाडी माहीत नव्हती. घरत कुरकुरायचे, "याला लाटा येतात, चिखल येत नाय." पण या वेळी ते एकटे बसले नाहीत. खुर्ची सायलीच्या टेबलाशी नेली आणि प्रत्येक गोष्ट तिच्या हातून करून घेतली. स्वतः कीबोर्डला हात लावायचा नाही, असा नियम त्यांनी स्वतःला घातला होता. हात मांडीखाली दाबून बसायचे, अक्षरशः. सायली चुकली की त्यांचे खांदे हलायचे, पण हात बाहेर यायचे नाहीत. एकदा मी म्हटलं, "घरत, तुम्ही केलंत तर तासाभरात होईल, ती दोन दिवस लावतेय. मला तारीख गाठायची आहे." ते म्हणाले, "मी केला तं तो माजा होईल, बाय. परत तीच गोष्ट." वेळापत्रकाच्या विरुद्ध जाणारं कुणाचंही म्हणणं मी सहसा मान्य करत नाही. ते केलं.

काम संपल्यावर त्यांनी सगळ्यांना घरी जेवायला नेलं. सुगंधाताईंनी बाकीच्यांसाठी जिताडा केला होता आणि माझ्यासाठी वालाचं बिरडं. जेवणानंतर घरत आम्हाला बांधावर घेऊन गेले. बांध म्हणजे तिवरांच्या खारफुटीतून जाणारी एक उंच पायवाट उरली होती. एका ठिकाणी चिखलातून लाकडाची काळी चौकट वर आलेली होती. "ही," ते म्हणाले. सायलीने विचारलं, "दादा, वाईट वाटतं का?" ते म्हणाले, "वाटतं ना. मानूस हाय मी. पन तिवरांत आता खेकरे लई मिलतात." आणि लगेच खेकडे कसे पकडायचे ते सांगायला लागले. त्यांचं जुनं इंजिन त्यांनी शेवटपर्यंत स्वतःच्या एका जुनाट फोनवर चालवत ठेवलं होतं. जेवणाच्या सुट्टीत त्यावर होडी फिरवायचे, ओहोटी आली की फोन टेबलावर ठेवून डबा उघडायचे. भरती येईपर्यंत जेवण व्हायचं.

'उघाडी'तली एकच ओळ त्यांनी नव्या इंजिनात आणली. बिल्ड बनवणारं यंत्र त्यांच्या कोपऱ्यात होतं. काम झालं की त्याच्या पडद्यावर इंग्रजीत कोरडी सूचना यायची. घरतांनी तिच्या जागी मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'हाय' आणलं, आणि बिघडलं तर 'नाय'. युरोपवाल्यांनी तपासणीत त्यावर खूण केली, अनावश्यक अभिवादन, काढावे. या वेळी सायलीने त्यांना उत्तर लिहिलं. अभिवादन नाही, आमच्या भाषेतलं क्रियापद आहे, राहू द्यावे. त्यांनी राहू दिलं.

घरत गेल्यानंतर ऑफिसने रीतीप्रमाणे त्यांचं खातं बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तर यंत्राभोवती सगळे उभे होते आणि पडद्यावर 'नाय' होतं. कुणी काही करत नव्हतं, नुसते बघत होते. चेन्नईचा आमचा चित्रकार डोळे पुसत होता. मला ते बरं दिसेना. मी म्हटलं, "नाय म्हणजे नाय. कारण शोधा." कारण साधं निघालं. तयार इंजिनाचा परवाना घरतांच्या खात्यावर होता. खातं बंद, परवाना बंद. एवढी खटपट करून एका माणसावरचं ओझं उतरवलं आणि तरी एक दोरी त्याच्याच हातात राहिली होती. पण जुनं इंजिन असतं तर आम्ही तिथेच बुडालो असतो. सायली खुर्चीत बसली, नवा परवाना तिने स्टुडिओच्या नावावर घेतला, तुटलेलं एकेक जोडत गेली. मी मागे उभी राहून घाई करणार होते. मग माझ्या लक्षात आलं की सायलीच्या शेजारची खुर्ची अजून तिथेच आहे, आणि कुणी तिच्यावर बसत नाही. मी बसले. हात कुठे ठेवायचे कळेना, तर मांडीखाली ठेवले.

जेवणाच्या सुट्टीआधी पडदा बदलला. चेन्नईचा चित्रकार सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडला, "हायबाय!"

हे सांगायचं राहिलं. मी रोज विचारायचे आणि घरत रोज म्हणायचे, "हाय, बाय." मुलांनी इतकी वर्षं ते ऐकलं आणि त्यांना वाटलं हा एकच शब्द आहे, बिल्ड तयार झाल्याचा. आता आमच्याकडे बंगाली, तमिळ, गुजराती, सगळी मुलं हायबाय म्हणतात. परवा युरोपातल्या एकाने निरोपात लिहिलं, आज हायबाय कधीपर्यंत? त्यातलं बाय हे बिल्डचं नाही, माझं आहे, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आता हे छापून आल्यावर कळेल. कळलं तरी कुणी त्यात सुधारणा करू नये, एवढंच.